गायीचा डोळा काढायचा म्हणतायत डॉक्टर: ऑपरेशन आणि नंतरची गुंतागुंत

संगमनेरी_गोठा

नमस्कार मंडळी. आमच्याकडं तिसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय आहे. तोंड जवळपास सगळं पांढरं, डाव्या डोळ्याभोवतीची कातडी गुलाबी. मागच्या उन्हाळ्यापासून त्या डोळ्यातून पाणी गळतंय. आधी नाकाकडच्या कोपऱ्यात तांबडं मांस दिसायचं. गावात कुणी वडस म्हणालं, कुणी कुसळ गेलंय म्हणालं. शेजारच्या आण्णांनी तंबाखूचं पाणी फुंकायचा आग्रह धरला, तो मी हाणून पाडला. आता त्या मांसाची फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरबरीत गाठ झालीय, खालच्या पापणीवर आणि बुबुळावरही चढलीय. वास येतो, माश्या हटत नाहीत.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बघितलं. कॅन्सर दिसतोय, डोळा पापण्यांसकट काढावा लागेल म्हणाले. गाय पाच महिन्यांची गाभण आहे, दुधात आहे. घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात, मुक्या जनावराला कशाला छळायचं. आई म्हणते, रोज सडतंय ते काय कमी छळ आहे का?

ऑपरेशनमध्ये आणि नंतर काय काय बिघडू शकतं, हे अनुभवी लोकांनी मोकळेपणानं सांगावं. 'काही होत नाही हो' असं सांगणारे इथं पुष्कळ भेटलेत.

टोणगा

वडिलांना विचारा, न छळता काय करायचं? विकायची म्हटलं तर असा डोळा असलेली गाय बाजारात कोण घेणार? आणि घेतलीच कुणी तर कशासाठी घेतली, ते आपण विचारायचं नाही, असंच ना?

रानवैद्य

संगमनेरी, मी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालोय. असे डोळे बरेच काढलेत. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

तुम्ही सांगता ते चित्र अगदी ओळखीचं आहे. पांढऱ्या तोंडाच्या, डोळ्याभोवती काळा रंग नसलेल्या गायींना हा स्क्वॅमस सेल (वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) प्रकारचा कॅन्सर होतो. उन्हातली अतिनील किरणं हे त्याचं मोठं कारण. आपल्या खिल्लार, डांगी, देवणी जनावरांच्या पापण्यांच्या कडा काळ्या असतात, त्यामुळं त्यांच्यात हा कमी दिसतो. देशी बैलांना शिंगाचा कॅन्सर होतो, ती गोष्ट वेगळी. सुरुवात बहुतेक वेळा तीन जागांपैकी एका ठिकाणी होते: तिसरी पापणी (नाकाकडच्या कोपऱ्यातला पडदा), खालच्या पापणीची कड, नाहीतर बुबुळ आणि पांढऱ्या भागाची सीमा. तुमच्या गायीला कोपऱ्यात तांबडं मांस दिसायचं, म्हणजे तिसऱ्या पापणीवरून सुरुवात झाली असावी.

एक गोष्ट सगळ्यांसाठी सांगून ठेवतो. गाठ तिसऱ्या पापणीपुरतीच असते तेव्हा डोळ्यात भुलीचे थेंब टाकून, पापणीच्या मुळाशी भूल देऊन तेवढी पापणी कापून काढता येते. काम थोडक्यात होतं आणि डोळा वाचतो. डोळा काढायची पाळी येते ती बहुतेकदा मधल्या काळात वडस, कुसळ, फूल असं काहीबाही समजून थेंब आणि मलमं चालू राहिल्यामुळं.

आता ऑपरेशन. गाय खोड्यात उभी असते, पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. थोडी गुंगी देतात आणि डोळ्यामागच्या नसा बधिर करतात. दोन्ही पापण्या एकमेकींना शिवून टाकतात, म्हणजे आतली घाण जखमेत सांडत नाही. मग पापणीच्या कडेपासून बोटभर अंतर ठेवून सगळीकडून गोल छेद घेतात आणि हाडाच्या कडेकडेनं आत जात डोळा, त्याचे स्नायू, तिसरी पापणी, चरबी असा सगळा ऐवज एकत्र बाहेर काढतात. कॅन्सर असेल तर खोबण पूर्ण रिकामीच करावी लागते. नुसता डोळ्याचा गोळा काढून भागत नाही. शेवटी कातडी कातडीला शिवून खोबण बंद.

यात काय बिघडतं?

पहिलं म्हणजे रक्त. डोळ्यामागं जिथं नस आणि धमनीचा देठ असतो ती जागा खोल असते, तिथं गाठ मारणं दरवेळी जमत नाही. मग चिमटा लावून धरतात, गॉज ठासतात, कातडी घट्ट शिवून आतून दाब बसू देतात. नाकाकडच्या कोपऱ्यात एक मोठी शीर असते, ती कापली गेली की समोरचा माणूस घाबरतो. बघायला भयंकर दिसतं, पण एवढ्या मोठ्या जनावराला तेवढं रक्त सहसा सोसतं. अशक्त, गोचिडतापातून नुकतीच उठलेली गाय असेल तर मात्र आधी तिचं रक्त तपासा.

दुसरं, ओढाताण. काढताना डोळा जोरात ओढला तर हृदयाचे ठोके एकदम मंदावतात. नस चांगली बधिर असेल आणि हात हलका असेल तर हा धोका कमी होतो.

तिसरं, पू. ऑपरेशननंतरच्या तक्रारींमध्ये हीच जास्त आढळते. खोबण रिकामी झाली की त्यात रक्त साकळतं आणि साकळलेलं रक्त हे जंतूंना आयतं जेवण. त्यात पावसाळा असेल तर माश्या येतात आणि आसडी, म्हणजे जखमेत अळ्या, पडते.

चौथं, आजार परत येणं. गाठ पापणीत खोल गेली असेल, हाडाला चिकटली असेल किंवा कानाखालच्या रसग्रंथीच्या गाठीत उतरली असेल तर डोळा काढूनही ती परत येते. म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना एकच विनंती करा: कानाच्या बुडाखाली, जबड्याच्या वळणापाशी दोन्ही बाजूंना चाचपून बघा म्हणावं. डावीकडची गाठ मोठी, कडक लागली तर मग ऑपरेशन करायचं का नाही, हाच प्रश्न आधी बोलावा लागेल.

गाभणपणाचं: गुंगीसाठी सहसा झायलाझिन वापरतात, त्यानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत ते टाळतात. पाच महिन्यांना कमी मात्रेत, विचार करून देतात. डॉक्टरांना गाभण असल्याचं सांगितलंय ना? नसेल तर आजच सांगा.

शिरवळ_बॅच

रानवैद्य सरांनी सगळं सांगितलंच आहे, भुलीबद्दल थोडी भर घालतो. मी अजून नवखा आहे, पण कॉलेजच्या दवाखान्यात हे बघितलंय.

डोळ्यामागं भूल द्यायच्या दोन पद्धती जास्त चालतात. एकात डोळ्याच्या चारही बाजूंनी वाकडी सुई आत घालून थोडं थोडं लिग्नोकेन सोडतात. दुसऱ्या पद्धतीला पीटरसन ब्लॉक म्हणतात. डोळ्यामागच्या हाडांच्या खाचेतून लांब सुई थेट नसा जिथं कवटीतून बाहेर पडतात तिथपर्यंत नेतात. दुसरी शिकायला अवघड. नीट लागली की डोळा थोडा पुढं येतो, बाहुली मोठी होते आणि बुबुळाला हात लावला तरी गाय पापणी मिटत नाही.

यातली दुर्मीळ पण वाईट गुंतागुंत म्हणजे औषध डोळ्याच्या मुख्य नसेच्या आवरणात किंवा धमनीत जाणं. मेंदूपर्यंत पोचलं तर झटके येतात, श्वास थांबू शकतो. म्हणून प्रत्येक वेळी औषध सोडण्याआधी दट्ट्या मागं ओढून रक्त येतंय का बघायचं. हे डॉक्टरांचं काम आहे, तुम्ही घाबरू नका. पण कुणी 'मीच टोचतो, मला जमतं' म्हणत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आदल्या रात्रीपासून वैरण बंद ठेवायला सांगतील, ते पाळा. गुंगीत पोट हलायचं मंदावतं, भरल्या पोटी गाय फुगते. बसलीच तर चारा-पाणी घशाशी येऊन फुप्फुसात जायची भीती.

सावली

मी शहरातली, गोठ्याचा अनुभव शून्य. पण वाचताना अंगावर काटा आला. माणसांना बसवतात तसा खोटा डोळा गायीला बसवत नाहीत का? आणि एका डोळ्यानं ती दुःखी नाही होत?

रानवैद्य

सावलीताई, घोड्यांमध्ये आत गोळा बसवतात, ते दिसायला बरं दिसावं म्हणून. गायीत, त्यातही कॅन्सर असताना, परकी वस्तू आत ठेवणं म्हणजे पू होण्याला निमंत्रण. शिवाय आजार परत आला तर आत दिसणार कसं?

दुःखाचं म्हणाल तर सडका, ठणकणारा डोळा गेला की गाय बऱ्याचदा लवकरच जास्त खायला लागते. दूधही सावरतं. गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळं एक गेला की ती बाजू जवळपास पूर्ण अंधारात जाते. तेवढं तिला शिकावं लागतं आणि आपल्यालाही.

मेलबर्नचा_मनोज

इथं ऑस्ट्रेलियात हा आजार शेतकऱ्यांना पाठ असतो. पांढऱ्या तोंडाच्या हेअरफर्ड गायींत सगळ्यात जास्त, ऊन रणरणतं आणि जनावरं वर्षभर उघड्यावर. माझ्या ओळखीचे एक पशुपालक वळू निवडताना त्याच्या पापण्यांना रंग आहे का ते आधी बघतात. हा गुण पुढच्या पिढीत उतरतो. तुमच्याकडं एचएफचं रेतन करताना असं कुणी बघतं का?

लहान गाठींना इथं द्रव नायट्रोजननं गोठवून मारतात. तुमच्याकडं कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचे कंटेनर गावोगावी असतात ना?

शिरवळ_बॅच

असतात, पण मनोजदादा, हे वाचून कुणी कंटेनर घेऊन गायीकडं निघू नये म्हणून लगेच लिहितो. गोठवायला वेगळी नळी किंवा स्प्रे लागतो, बुबुळ झाकावं लागतं, दोनदा गोठवून दोनदा वितळू द्यावं लागतं. गाठ साधारण अडीच सेंटीमीटरच्या आतली असेल तरच उपयोग. धागाकर्त्यांची केस त्याच्या पलीकडं गेलीय.

वळूच्या पापण्या? रेतनाच्या कांडीवर दुधाचे आकडे असतात, पापण्यांचा रंग नाही.

कृष्णाकाठ

आमच्या पाहुण्यांच्या म्हशीचा डोळा शिंग लागून फुटला होता, तो काढला. कॅन्सर नव्हता. ऑपरेशन झकास झालं. पण नंतर काय बघायचं ते कुणी सांगितलंच नाही. आठवडाभरानं सूज उतरली म्हणून सगळे खूश, औषध बंद. मग परत फुगलं, शिवणीच्या खालच्या टोकातून पिवळं पाणी यायला लागलं. घरच्यांनी वरून हळद-तेल थापलं. आतला पू आतच. ताप चढला, वैरण सोडली, तेव्हा डॉक्टर बोलावले. त्यांनी खालचे दोन टाके काढले आणि जे बाहेर आलं त्याचा वास अजून नाकात आहे.

टोणगा

हळदीला नावं ठेवाल तर निम्मा धागा अंगावर येईल.

रानवैद्य

हळद बाहेरच्या खरचटण्याला लावा की, माझं काही म्हणणं नाही. बंद खोबणीत पू झाला की त्याला वाट लागते, लेप नाही. कृष्णाकाठांच्या पाहुण्यांकडं तेच झालं.

संगमनेरी_गोठा

मंडळी, परवा ऑपरेशन झालं. घरच्या खोड्यातच. कानाखालच्या गाठी चाचपल्या, लागल्या नाहीत. रक्त बरंच गेलं, वडील उठून मागच्या बाजूला गेले. काढलेला भाग डॉक्टरांनी फॉर्मेलिनच्या बरणीत घातला, तपासायला पाठवणार आहेत. आत ठासलेली गॉजची पट्टी आज काढली.

आता शंका. जागा टम्म फुगलीय, डोळा परत आत ठेवलाय की काय असं वाटतंय. आणि सकाळी त्याच बाजूच्या नाकपुडीतून थोडं रक्त ठिबकलं. गाय वैरण खातेय, रवंथ करतेय. हे चालतं का?

रानवैद्य

रवंथ करतेय हे वाचून निम्मी काळजी गेली.

पहिले दोन-तीन दिवस फुगणारच, आत रक्त साकळलेलं असतं. नाकातून थोडं रक्त येण्याचं कारण असं की डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी तिथंच असते, तिच्यातून खोबणीतलं रक्त उतरतं. थेंब थेंब येऊन थांबलं तर ठीक. धार लागली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, गाय धापा टाकायला लागली तर त्याच घडीला फोन करा. रात्र असली तरी. तुमचे डॉक्टर नाही लागले तर जनावरांच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा नंबर लावा.

पुढचे दिवस सूज कशी चालते त्यावर नजर ठेवा. हळूहळू उतरून कातडी आत बसत गेली पाहिजे. एकदा उतरून पुन्हा चढली, हाताला गरम लागली, दाबल्यावर गाय डोकं झटकायला लागली, वास आला, तर आत पू धरलाय असं समजा. ताप रोज दोन वेळा मोजा. गायीचा ताप साधारण १०१.५ फॅरनहाइट असतो. १०३ च्या वर जात राहिला तर वाट बघू नका. पू असला की डॉक्टर खालच्या टोकाचे एक-दोन टाके सोडून वाट करून देतात आणि पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीननं धुतात. ती जखम उघडीच राहून आतून भरत येते. वेळ लागतो, पण भरते. सगळे टाके तुटले म्हणून कुणी घाईनं पुन्हा शिवा म्हणेल, तर पू असताना शिवायचं नसतं.

माश्यांसाठी शिवणीच्या आजूबाजूला डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा स्प्रे लावा, गोठा कोरडा ठेवा, शेण लगेच उचला. आसडी पडलीच तर शिवण जागच्या जागी फुगल्यासारखी, ओली दिसते आणि बारीक भोकं दिसतात. टर्पेंटाइन स्वतःच्या मनानं ओतू नका, खोबणीच्या मागं काय आहे ते विसरू नका.

गाय खांबाला डोकं घासते, टाके त्यानंच तुटतात. दोन आठवडे तरी दावं आखूड ठेवा. टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी काढतात.

आणि दूध. अँटिबायोटिक चालू आहे तोवर, आणि लेबलवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत, डेअरीला घालायचं नाही. वासराला पाजायचं का, तेही डॉक्टरांना विचारूनच.

शिरवळ_बॅच

वेदनेचं औषध कोणतं दिलंय ते बघून ठेवा. मेलोक्सिकॅम असेल तर उत्तम. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक २०२३ पासून. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की गिधाडं मरतात त्यानं. तरी माणसांची डायक्लोफेनॅकची बाटली गोठ्यात पोचते, म्हणून सांगितलं.

सावली

गायीच्या डोळ्यावरून गिधाडांपर्यंत! हा धागा शाळेत वाचायला द्यायला हवा.

संगमनेरी_गोठा

मेलोक्सिकॅमच आहे. नाकातलं रक्त थांबलं.

संगमनेरी_गोठा

पुढची खबर. सूज उतरली, कातडी आत बसली. शिवणीच्या मधे एका टाक्याशी चिकट पाणी दिसलं होतं, डॉक्टरांनी तो टाका आधीच काढला, दोनदा धुतलं, आता कोरडं आहे. बाकीचे टाकेही निघाले. तपासणीचा अहवाल आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. कापलेल्या कडेपर्यंत पेशी पोचलेल्या नाहीत असं त्यात लिहिलंय. दूध जवळपास पहिल्यासारखं. वडील आता तिला स्वतः पेंड घालतात, विषय मात्र काढत नाहीत.

रानवैद्य

कडा मोकळ्या आहेत हे फार चांगलं. तरी पुढं वर्षभर महिन्यातून एकदा शिवणीवरून अंगठा फिरवा आणि कानाखाली चाचपा. गुठळी लागली, शिवण एका जागी जाड होत गेली, तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. महिनोन्‌महिने चिकट स्राव येत राहिला तर कधीकधी आत अश्रुग्रंथीचा किंवा आतल्या पातळ त्वचेचा तुकडा राहिलेला असतो, तो परत उघडून काढावा लागतो. प्रत्येक स्राव म्हणजे कॅन्सर नव्हे.

दुसरा डोळाही त्याच गायीचा आहे, तोही तसाच गुलाबी कडांचा. त्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला तरी दाखवा. दुपारच्या उन्हात बांधू नका. तिच्या वासराच्या पापण्या कशा निघतात तेही बघा.

एक इशारा इतर वाचकांसाठी. एखाद्या जनावराचे दोन्ही डोळे हळूहळू बाहेर येत असतील, अंगावर इतर ठिकाणीही गाठी असतील, तर तो लिम्फोमा, म्हणजे रसग्रंथींचा कॅन्सर, असू शकतो. तिथं डोळा काढून काही हाती लागत नाही.

संगमनेरी_गोठा

एक अडचण राहिलीय. डावीकडून कुणी गेलं की दचकते. धार काढायला आमचा पोरगा डावीकडूनच बसायचा, लाथ खाल्ली परवा.

कृष्णाकाठ

जागा बदला. दावणीच्या डाव्या टोकाला, डावी बाजू भिंतीकडं करून बांधा. मग त्या बाजूनं कुणी येणारच नाही, धारही उजवीकडून. जवळ जाताना आधी हाक मारायची, मग पाठीवर हात ठेवायचा, मग खाली बसायचं. आणि शेजारी मारकी गाय नको. आंधळ्या बाजूनं शिंग आलं तर तिला कळत नाही.

टोणगा

कृष्णाकाठ, बैलाचं काय करता? आमच्याकडं एकाचा उजवा डोळा बाभळीचा काटा लागून गेला. जू मानेवर घेतो, पण गाडी रस्त्यावर आली की तिरका चालतो.

कृष्णाकाठ

कुठल्या बाजूला जुंपता?

टोणगा

उजवीकडं. लहानपणापासूनची सवय त्याची.

कृष्णाकाठ

तिथंच घोळ आहे. उजवा डोळा गेलाय तर त्याला डावीकडं जुंपा, म्हणजे आंधळी बाजू जोडीदाराकडं जाते आणि चांगल्या डोळ्याला बाहेरचं दिसतं. आता उलटं होतंय, त्याला उजवीकडचा ट्रक दिसत नाही, फक्त आवाज येतो, मग तो जोडीदारावर रेलतो.

रानवैद्य

बरोबर. पण जोडीदार शांत हवा, आणि बाजू बदलल्यावर पहिले काही दिवस मोकळी गाडी, शेतातल्या वाटेनं. उसाची भरलेली गाडी घेऊन थेट कारखान्याच्या रस्त्याला नेऊ नका. आणि टोणगा, त्या डोळ्याचं पुढं काय झालं? नुसता पांढरा पडलाय, आकसलाय, की अजून गळतोय?

टोणगा

गळतोय थोडा. सकाळी चिपडं असतात.

रानवैद्य

मग तो आधी दाखवा. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तुमचाही वेगळा धागा काढावा लागेल.